बाटलीतला जांभळापारा

रविवारची सकाळ, साडेआठ. समता कॉलोनीतल्या मावशीच्या गच्चीवर ऊन कठडा ओलांडून आत आलं आहे. फेब्रुवारीतलं रायपूरचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं. दीड-दोन महिन्यांनी याच फरशीवर अनवाणी पाय टेकवणार नाही. पूर्वेच्या कठड्याला लागून, पत्र्याच्या वळचणीखाली, दहा बाटल्या ओळीनं उभ्या आहेत. लिटरभर पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या, गळे कापलेल्या, तोंडाला पातळ प्लास्टिक आणि रबर. प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर नंबर, आणि सगळ्यांवर एकच तारीख, दिवाळीच्या सुट्टीतली. त्या दिवशी सगळ्यांत सारखाच करडा चिखल होता. आज एकीसारखी दुसरी नाही.

मुलं जिन्यावरून येतात ती थेट बाटल्यांकडे धावतात.

“हातमोजे,” मावशी म्हणते, आणि सातही जण जागच्या जागी थांबतात.

पाचवीपासून नववीपर्यंतची ही मुलं. काहींच्या घरी मराठी, शाळेत हिंदी आणि इंग्रजी, गल्लीत छत्तीसगढी. मावशीला सगळेच आजी म्हणतात. निवृत्त होईपर्यंत ती कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होती. आज पदर कमरेला खोचून, चष्मा कपाळावर चढवून ती एकेकाचे हात उलटेपालटे करून बघते आहे. पाचवीतल्या मुलीच्या अंगठ्याला कापलं आहे. “तू आज चिखलाला हात लावायचा नाही. तू लेखनिक. तू लिहिशील तेवढंच आपल्याला दिसलं, असं धरायचं.” मुलीचं एवढंसं झालेलं तोंड सावरतं. ती वही उघडते, तारीख घालते आणि पेन्सिलीला टोक काढते.

भिंतीला टेकवलेल्या पाटीवर खडूनं दोनच शब्द लिहिले आहेत: ‘जोडीदार कोण?’

एक नंबरची बाटली मावशी उन्हात आणून ठेवते. सगळे उकिडवे बसतात. मीही बसते. तळाशी चार बोटं कुट्ट काळा थर. त्याच्यावर गडद हिरव्याचे ढग, एकमेकांत शिरलेले. त्याच्या वर जांभळा, टपोरी जांभळं खाल्ल्यावर जिभेला चढतो तसाच. मग विटकरी पट्टा, मग तपकिरी, आणि सगळ्यांत वर पाण्यात तरंगणारी हिरवीगार साय. बाहेरून मार्करनं आडव्या रेघा ओढल्या आहेत, दर रविवारची एक.

“आजी, जांभळापारा पिछले हफ्ते यहाँ तक था,” नववीतला मुलगा बोट ठेवून दाखवतो. “अब ऊपर आ गया.”

“कितीनं?”

तो पट्टी लावतो. “चार मिलिमीटर.” लेखनिक लिहिते.

पारा म्हणजे इथे मोहल्ला. तात्यापारा, ब्राह्मणपारा, बुढापारा, आमापारा; रायपूरचा माणूस पत्ता सांगतो तो पाऱ्यानं. या मुलांनी बाटलीतल्या थरांना काळापारा, हिरवापारा, जांभळापारा अशी नावं कधी दिली ते मावशीलाही आठवत नाही. ती नावं तिनं तशीच ठेवली. मला ती पाठ्यपुस्तकातल्या ‘समुदाय’ या शब्दाहून नेमकी वाटतात. पाऱ्यात माणसं राहतात, एकमेकांच्या आधारानं राहतात, आणि एका पाऱ्यातून पाणी वाहिलं की ते पुढच्या पाऱ्यात जातं.

बाटलीतही तसंच आहे, फक्त वाहतं ते पाणी नव्हे. चिखल महादेवघाटावरून आणलेला, खारून नदीचा. त्यात मुलांनी वर्तमानपत्राचे कपटे मिसळले, अंड्याच्या टरफलांची पूड घातली आणि फळ्यावरचा खडू कुटून घातला. आजकालचा फळ्याचा खडू बहुतेक जिप्समचा असतो, म्हणजे त्यात सल्फेट. मावशी हे सांगत नाही, काढून घेते.

“कागद कुणी खाल्ला?”

“काळापाऱ्यातल्यांनी.”

“हवा नसताना?”

“हवा नसताना. कागदाचं आम्ल झालं.”

“मग ते आम्ल?”

आठवीतली मुलगी ओठ चावून आठवते. “ते दुसऱ्यांनी खाल्लं. आपण ऑक्सिजन घेतो तसं ते खडूतलं सल्फेट घेतात. आणि सडक्या अंड्याचा वास सोडतात.”

सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. चिखलातलं लोह त्याला भेटलं की काळा रंग उठतो. उरलेला वायू वर चढतो, आणि वरचे हिरवे-जांभळे जिवाणू त्याचीच वाट बघत असतात. झाडाला पानात जे पाणी लागतं त्याच्या जागी हे जिवाणू हा वायू वापरतात, उन्हावर आपलं अन्न करतात आणि ऑक्सिजन मात्र सोडत नाहीत. सल्फाइडचं त्यांनी गंधक किंवा सल्फेट केलं की ते परत खालच्यांच्या कामी येतं. हिरव्यांना जास्त सल्फाइड सोसतं म्हणून ते खाली. जांभळ्यांना जरा कमी चालतं म्हणून ते वर. एकाचं उष्टं दुसऱ्याचं जेवण. तीन महिने या बाटलीत बाहेरून कुणी काही घातलेलं नाही. ऊन तेवढं मिळालं.

ही बाटली सेर्गेई विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाच्या नावानं ओळखली जाते. १८५६ साली कीव्हमध्ये जन्मलेला हा माणूस १८८०च्या दशकात स्ट्रासबर्गला गंधकाच्या पाण्यात वाढणारे धाग्यासारखे जिवाणू बघत बसला होता. हे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड जाळून त्यावर जगतात, हे त्यानं दाखवलं. जीव असाही जगू शकतो, हे तोवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याच दशकात, १८८४ साली, रॉबर्ट कॉखला कोलकात्यातल्या एका तलावाच्या पाण्यात कॉलऱ्याचा जंतू सापडला. मावशी मुलांना या दोघांची गोष्ट नेहमी एकत्र सांगते. कॉख गर्दीतून एकाला वेगळा काढून बघत होता, विनोग्राडस्की गर्दीलाच गर्दी म्हणून बघत होता. दोन्ही लागतं, असं ती म्हणते, आणि हातमोज्यांचं कारणही त्या तलावातच आहे, हेही.

म्हणूनच या गच्चीवर अगरच्या बशा नाहीत. मागे एका मुलानं फार हट्ट धरला होता: मोबाइलवर, दाराच्या मुठीवर काय उगवतं ते बघू. मावशीनं साफ नाही म्हटलं. बशीत ठिपका वाढला की एका अनोळखी जिवाणूचे कोट्यवधी होतात, आणि त्यातला कुठला कसा हे घरात ओळखता येत नाही. ते काम निर्जंतुक करायची सोय असलेल्या प्रयोगशाळेचं. शिवाय मातीतल्या जिवाणूंपैकी फारच थोडे बशीत वाढतात; बाकीचे आपल्या पाऱ्यात, आपल्या शेजाऱ्यांसकटच जगतात. मला तिचा हा नकार फार मोलाचा वाटतो. मुलांना प्रयोग करू देणारी माणसं थोडी, आणि कुठला प्रयोग करायचा नाही हे कारणासह सांगणारी त्याहून थोडी.

आता जोडीदार. दोन नंबरमध्ये सगळं तेच, फक्त कागद नाही: चिखल करडाच, काळं जेमतेम, रंग फिकट. तीन नंबरमध्ये कागद आहे, खडू नाही: जांभळ्याची एक पुसट रेघ. मुलं दोन्ही बाटल्या एक नंबरच्या शेजारी आलटून पालटून ठेवतात. कुणी बोलत नाही. एकटी बाटली सुंदर दिसते, पण ती काही सांगत नाही. शेजारी जोडीदार आला की ती बोलायला लागते.

चार नंबर मात्र सातवीतल्या मुलाला खिन्न करते. तिच्यातला चिखल कुकरमध्ये शिजवलेला होता. मावशीचा जुना कुकर याच कामाला काढून ठेवलेला, स्वयंपाकघरात परत न जाणारा. कुकरच्या दाबाखाली तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. तरी कडक कवचाचे बीजाणू तगतात म्हणून ओळीनं तीन दिवस शिजवला. चिखल तीन महिने जसाच्या तसा मातकट आहे. पण वरच्या पाण्याच्या काठाला एक बारीक हिरवी कडी धरली आहे.

“मेरा तो खराब हो गया, आजी.”

“तू काय काय शिजवलंस?”

“चिखल. पेपर. खडू.” तो बोटं मोडतो. “टरफल.”

“आणि?”

तो बाटलीकडे बघतो. बराच वेळ बघतो. मग हळूच म्हणतो, “पाणी नळाचं घातलं.”

मावशी काही बोलत नाही. आठवीतली मुलगी मागून म्हणते, “पण हवेतूनही आलं असेल. प्लास्टिक मध्ये एकदा फाटलं होतं.”

“मग आता?”

दोघं एकमेकांकडे बघतात. एका बाटलीत शिजवलेलं पाणी आणि झाकण घट्ट. दुसरीत शिजवलेलं पाणी आणि झाकण उघडं. अकरा आणि बारा नंबर. लेखनिक वहीत दोन नव्या ओळी आखते आणि ‘जोडीदार’च्या रकान्यात ‘४’ लिहिते. मुलाची खिन्नता कुठे गेली ते त्यालाही कळलं नसावं. तो कुकर शोधायला जिन्याकडे निघाला आहे.

मी शाळेत जिवाणूची आकृती काढली होती. लांबोडकं शरीर, शेपटीसारखी कशाभिका, बाणांची टोकं, सुवाच्य नावं. गुणही मिळाले. पण तो जिवाणू राहतो कुठे, खातो काय, त्याच्या शेजारी कोण, हे कुणी विचारलं नाही आणि मलाही विचारावंसं वाटलं नाही. या मुलांना आकृती येत नसेल कदाचित. पाणी शिजवायचं राहिलं हे त्या मुलाला स्वतः कळलं, आणि मला वाटतं विज्ञान इथे, या एका क्षणात आहे.

दहा वाजता काकी येतात. घरचं काम बघणाऱ्या काकींचं गाव खारूनकाठचं. रायपूरला येऊन वीस वर्षं झाली तरी धानाच्या दिवसांत त्या गावी जातात. दिवाळीनंतर त्यांनीच तीन पोटल्या आणून दिल्या होत्या. आता त्या कुंड्यांजवळ बसतात आणि मुलांना एकेक माती चिमटीत धरायला लावतात. “ए कन्हार आय,” त्या सांगतात; काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी. ही पिवळसर मटासी, धानाची. आणि ही भाटा, लाल, खड्याखड्यांची, जिच्यात पाणी ठरत नाही. छत्तीसगढच्या शेतकऱ्याला मातीच्या नावातच पीक कळतं. मावशी या बाबतीत काकींना मध्ये तोडत नाही.

सहा आठवड्यांपूर्वी मुलांनी जुन्या सुती पंच्याचे वीतभर चौकोन कापून या मातींत पुरले. एक खताच्या कुंडीत, एक कन्हारात, एक भाट्यात, आणि कन्हाराचा जोडीदार म्हणून आणखी एक कन्हारात, पण पाण्याविना. आज उकरायचे. कापूस म्हणजे जवळपास निव्वळ सेल्युलोज. बाटलीतल्या कागदाचा सख्खा भाऊ.

भाट्यातला तुकडा लाल झालेला, पण धड. कोरड्या कन्हारातला झटकला तर पुन्हा वापरता येईल. ओल्या कन्हारातल्याला बोट लावलं की आरपार. खताच्या कुंडीत मुलं उकरत राहतात, उकरत राहतात. शेवटी हाती येते ती फक्त शिवणीची दोरी, पॉलिस्टरच्या धाग्याची, चौकोनाच्या आकारात रिकामी.

“कपडा कुठे गेला?” सहावीतला मुलगा खरोखर घाबरल्या आवाजात विचारतो.

काकी हसतात. “माटी खा डारिस.”

मातीनं खाल्ला. मावशी मान डोलावते. तिला यात दुरुस्त करायचं काही नाही. मातीत कोण कोण आहे ते विचारायला ती मेडिकलच्या दुकानातली हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली काढते. चमचाभर खताच्या मातीवर चार थेंब पडतात आणि फसफसून फेस येतो. जिवंत पेशींतलं कॅटॅलेज पेरॉक्साइडला फोडतं, ऑक्सिजन सुटतो. मुलांना हे माहीत आहे. आज जोडीदार आहे तव्यावर खरपूस भाजलेली माती. खताची भाजलेली माती गप्प राहते, एखाद-दुसरा बुडबुडा. मुलं खूश. मग कुणीतरी भाजलेल्या भाट्यावर थेंब टाकतं, आणि ती चक्क फसफसते.

सगळे मावशीकडे बघतात.

“भाजल्यावर जिवंत राहिले?”

“तुम्हाला काय वाटतं?”

बराच गलका होतो. शेवटी नववीतला मुलगा विचारतो, की मेलेली वस्तूसुद्धा पेरॉक्साइडला फोडू शकते का. फोडू शकते. मँगनीजचं ऑक्साइड तर झपाट्यानं फोडतं, लोहाची ऑक्साइडंही थोडीफार. लाल मातीची लाली लोहाचीच. म्हणजे नुसता फेस बघून ‘इथे जीव आहे’ म्हणता येत नाही. कच्च्या मातीचा फेस आणि भाजल्या मातीचा फेस शेजारी ठेवून जो फरक उरतो तेवढाच जिवांच्या नावे लिहायचा. मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांनी १९७६ साली तिथल्या मातीवर जीव शोधायचे प्रयोग केले तेव्हाही तापवलेल्या मातीचा जोडीदार सोबत होता, आणि तरी त्या उत्तरांवर अनेक वर्षं वाद झाले. मुलं आपल्या ताटलीकडे नव्या नजरेनं बघतात. मंगळ आणि भाटा, दोघांचाही रंग लाल.

खताची ओली माती मावशी सगळ्यांच्या नाकाजवळ नेते. पहिल्या पावसाचा वास. तो मातीचा नाही, मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस कुळातल्या जिवाणूंचा. जिओस्मिन नावाचं द्रव्य ते सोडतात. याच कुळातून १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन आलं, क्षयावरचं औषध. आणि याच कुळातला एक जिवाणू पुण्याजवळच्या पिंपरीच्या मातीत सापडला. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या संशोधकांनी त्याच्यापासून बुरशीवरचं औषध मिळवलं, हॅमायसिन, आणि जिवाणूचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. ज्यांचं आजोळ पिंपरी-चिंचवडला आहे ती सहावीतली जुळी भावंडं हे ऐकून एकमेकांना कोपरानं ढोसतात. आपल्या गावाचं नाव एका जिवाणूला आहे! ती जन्मभर हे विसरणार नाहीत.

घडीच्या सूक्ष्मदर्शकापाशी रांग लागली आहे. कागदाचा, घड्या घालून उभा केलेला हा फोल्डस्कोप. मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डमध्ये तयार केला, २०१४ साली त्यावरचा लेख छापला. १४० पट मोठं दाखवतो. एकेकटा बारका जिवाणू त्यात कळत नाही, पण एक नंबरच्या वरच्या सायीचा थेंब ठेवला की निळसर हिरवे धागे दिसतात, आणि डोळा स्थिर ठेवला तर ते सरकताना दिसतात, ना पाय ना शेपूट. या कुळातल्या काही जाती हवेतला नायट्रोजन बांधतात आणि भातखाचराला खत पुरवतात. १९३९ साली पी. के. डे यांनी ते मांडलं. काकींना मी हे सांगते. त्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतात, बराच वेळ काढत नाहीत, आणि म्हणतात की खेतात पाण्यावर येणारी हीच ती हिरवी काई.

सहा ते दहा नंबरांत तलावांचा चिखल आहे. चौबे कॉलोनीकडचा करबला तलाव, बुढातालाब, महाराजबंध. छत्तीसगढीत गावाच्या तलावांचा आकडा ‘छै आगर छै कोरी’ असा सांगतात, सहा वर सहा विसा, म्हणजे एकशे सव्वीस तरिया. रायपूरही असंच तलावांचं शहर. त्यातला राजबंधा बुजला, त्याचं मैदान झालं. नावात तेवढा बांध राहिला. या बाटल्यांसमोर बसलं की मला ते जास्त लागतं. तलाव बुजतो तेव्हा पाण्याबरोबर किती पारे गाडले जातात! गणपती उठल्यावर, छठ झाल्यावर काठावर साचतं ते खाऊन पचवणारे, कुणाला न दिसणारे ते मजूर. सांडपाणी येत राहिलं तर तेही थकतात. बुढातालाबच्या बाटलीत काळापारा अर्ध्याहून वर चढला आहे. त्याचा अर्थ काय, हे मुलं अजून ठरवत नाहीत. अजून दोन ठिकाणचा चिखल हवा, असं आठवीतली मुलगी म्हणते, एक काठाचा आणि एक नाल्याच्या तोंडाचा.

साडेअकरा. ऊन बोचायला लागलं आहे. पाच नंबर अजून राहिली आहे, ओळीच्या टोकाची, काळ्या कागदात गुंडाळलेली. हिच्यातही खारूनचाच चिखल, कागद, खडू, टरफल, सगळं एक नंबरसारखं. तीन महिन्यांत हिनं ऊन पाहिलेलं नाही.

मावशी चिकटपट्टीचं टोक सोडवते आणि बाजूला होते. नववीतला मुलगा कागद हळूहळू उलगडतो.

आत काळं आहे. तळापासून वरपर्यंत काळं आणि करडं. ना हिरवापारा, ना जांभळापारा. वरचं पाणीही गढूळ, साय नाही. झाकण जरा सैल होताच वास असा येतो की दोघं मागे सरकतात.

“ये तो कुछ नहीं बना,” कुणीतरी म्हणतं.

“लिही,” मावशी लेखनिकाला सांगते. “जे दिसलं ते.”

पाचवीतली मुलगी लिहिते. काळा, करडा, वास जास्त, हिरवा नाही, जांभळा नाही, जोडीदार १. मग पेन्सिल तशीच धरून ती बाटलीकडे बघत राहते.

“आजी, ते जांभळे आत आहेत का अजून? की मेले?”

मावशी चष्मा डोळ्यांवर घेते. “कसं कळेल?”

मुलगी उठते. अंगठ्याची पट्टी सांभाळत, बाटलीला हात न लावता, दादाला बोटानं जागा दाखवते: कठड्यापाशी, एक नंबरच्या शेजारी, जिथे सकाळचं पहिलं ऊन येतं. तो बाटली नेऊन ठेवतो. ती वहीचं नवं पान काढते आणि वर आजची तारीख घालते.